सीमेपलीकडे मोटार महाग कां, स्वस्त कां?

कोल्हापुराहून पुणें-बंगळूर महामार्गानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे कागल मागें पडतें, दूधगंगेचा पूल ओलांडला जातो आणि लगेच कोगनोळीचा नाका लागतो. येथून कर्नाटक राज्य सुरू होतें. ऊस तोच, माती तीच, बाजारांतली बोलीहि बहुतेक तीच. कोल्हापुरापासून सुमारें ४० किलोमीटरांवरील निपाणीस पोंचेपर्यंत राज्य बदलल्याची ठळक खूण एकच दिसते, आणि ती म्हणजे गाड्यांच्या पाट्यांवरील अक्षरें. अलीकडे 'एम.एच. ०९', पलीकडे 'के.ए. २३'. परंतु पाटीवरील हीं दोन अक्षरें फार महागाचीं आहेत. एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं, एकाच रंगाच्या व एकाच बनावटीच्या दोन मोटारी बाहेर पडल्या, एक कोल्हापुरांतील कुटुंबानें घेतली व दुसरी निपाणींतील कुटुंबानें घेतली, तरी त्या आपापल्या दारांत उभ्या राहीपर्यंत दोन्ही घरांतून गेलेली रक्कम सारखी नसते. हें अंतर शे-दोनशें रुपयांचें असतें तर कोणी त्याचा विचार केला नसता. पण तें दहा-वीस हजारांवरहि थांबत नाहीं.

प्रत्यक्ष आंकडेच घ्यावे. पेट्रोलवर चालणारी, चार मीटरांच्या आंतील लांबीची एखादी लहान मोटार विक्रेत्याच्या शोरूममध्यें ८ लाख रुपयांस मिळते असें धरूं. या ८ लाखांत कारखानदार व विक्रेता यांचा वांटा सुमारें ६ लाख ७८ हजारांचा. उरलेले १ लाख २२ हजार हा वस्तु व सेवा कर. लहान मोटारींवर हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा १८ आहे. त्यापूर्वीं तो शेंकडा २८ असून शिवाय वर उपकर असे. येथपर्यंत कोल्हापूर व निपाणी यांत भेद नाहीं. भेद पडतो तो नोंदणीच्या वेळीं, ज्याला व्यवहारांत 'पासिंग' म्हणतात त्या कचेरींत. २०२५ सालीं अमलांत असलेल्या दरांनीं महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोलच्या खाजगी मोटारीस किंमतीच्या शेंकडा ११ एकरकमी कर पडतो. म्हणजे ८८ हजार रुपये. कर्नाटकांत पांच ते दहा लाखांच्या मोटारीस शेंकडा १४, आणि त्या कराच्या रकमेवर पुन्हा शेंकडा ११ उपकर. हिशेब केला म्हणजे १ लाख २४ हजार ३२० रुपये होतात. ३६ हजारांहून अधिक अंतर पडलें तें एका पुलानें!

मोटार पंधरा लाखांची घेतली तर महाराष्ट्राचा दर शेंकडा १२, म्हणजे १ लाख ८० हजार; कर्नाटकाचा शेंकडा १७ व वर तोच उपकर, म्हणजे २ लाख ८३ हजार ५० रुपये. येथें अंतर लाखावर गेलें. श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हा कर ज्या किंमतीवर मोजतात तींत वस्तु व सेवा कर आधींच मिसळलेला असतो. करावर कर बसावा ही गोष्ट तर्काला न रुचणारी असली तरी व्यवहारांत ती रूढ आहे.

असें कां व्हावें? देश एक, नाणें एक, कारखाना एक, मग भाव दोन कां? याचें उत्तर राज्यघटनेंत आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टांत केंद्रानें कोणत्या विषयांवर कायदे करावे व राज्यांनीं कोणत्या, याच्या याद्या दिल्या आहेत. राज्यांच्या यादींतील ५७ वी नोंद रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवरील कराची आहे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां अबकारी, मूल्यवर्धित कर, प्रवेश कर असे पुष्कळ कर त्याच्या पोटांत गेले. कोल्हापुरासारख्या शहरांच्या वेशीवर पिढ्यान्‌पिढ्या वसूल होणारी जकात व तिच्या जागीं आलेला स्थानिक संस्था कर यांचेंहि नांव उरलें नाहीं. राज्यांच्या हातून फार मोठें उत्पन्न एका सामाईक हंड्यांत गेलें. वाहनांवरील कर मात्र राज्यांनीं आपल्याजवळच ठेविला. स्वतःच्या मर्जीनें दर ठरवितां येईल अशीं उत्पन्नाचीं जीं थोडीं साधनें राज्यांकडे उरलीं त्यांत मद्य, इंधन, मुद्रांक आणि मोटार हीं मुख्य होत. म्हणून तिजोरीस ओढ लागली कीं सरकारची दृष्टि प्रथम याच चार गोष्टींकडे वळते, यांत नवल नाहीं.

सीमाभागांतील माणसाला या भेदाचा इतिहास अधिक बोचतो. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. बेळगांव जिल्हा त्या वेळीं मुंबई राज्यांतच होता. त्यामुळें पुढील साडेसात वर्षांहून थोडा अधिक काळ कोल्हापूर व निपाणी हीं एकाच राज्यांतलीं गांवें होतीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगांव म्हैसूर राज्याकडे गेलें. म्हैसूर राज्यानें मोटारींवरील कराचा आपला कायदा १९५७ सालीं केला. मुंबई राज्यानें आपला १९५८ सालीं केला. नांवें बदललीं, दुरुस्त्या झाल्या, तरी कर्नाटक व महाराष्ट्र यांचे आजचे कर याच दोन कायद्यांखालीं वसूल होतात. पुनर्रचनेच्या निर्णयाविषयींचा वाद अजून न्यायालयांत आहे. पण गाड्यांच्या हिशेबापुरता तो दोन वर्षांच्या आंत पक्का झाला होता.

कोल्हापूरच्या दुसऱ्या बाजूस गोवा. शेजारच्या परदेशांत मोटारीची किंमत वेगळी कां, हा प्रश्न आज दूरच्या देशांविषयीं विचारला जातो. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत कोल्हापुराच्या शेजारींच एक परका मुलूख होता. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारचें धोरण असें होतें कीं, मोटारी येथेंच बनाव्यात. मुंबईस १९२८ पासून सुट्या भागांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीनें १९५४ सालीं आपलें काम बंद केलें, कारण १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर नुसत्या जुळणीस वाव राहिला नव्हता. इकडे निवड दोन-तीन देशी गाड्यांपुरती उरली आणि त्यांसाठींहि नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. तिकडे पोर्तुगीज अमलाखालील गोव्यांत परदेशी माल बराच मोकळेपणानें येई आणि पणजीच्या रस्त्यांवर जर्मन मोटारी भाड्यानेंहि मिळत. घड्याळ खिशांत घालून आणतां येई, सोनें कमरेस बांधून आणतां येई. मोटार कशांत लपविणार? कॅसलरॉकच्या स्टेशनावर आगगाडींतील उतारूंची झडती होई ती या लहान वस्तूंसाठीं. मोटारीची स्वस्ताई पाहून यावी व घरीं येऊन सांगावी, एवढाच तिचा उपयोग होता. गोवा मुक्त झाल्यानंतरहि तेथील नोंदणी कर दीर्घकाळ महाराष्ट्रापेक्षां हलका राहिला आणि 'जी.ए.' पाटीचें आकर्षण त्यांतूनच वाढलें.

येथें स्वाभाविकच शंका येते कीं, जेथें कर कमी तेथें जाऊन मोटार घ्यावी म्हणजे झालें. पुष्कळांस ती युक्ति वाटते. पण कायदा मोटार कोठें विकत घेतली हें पाहत नाहीं, ती कोठें राहते हें पाहतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. मालक जेथें राहतो किंवा व्यवसाय करतो त्या राज्यांतच नोंदणी झाली पाहिजे, असें त्याचें ४० वें कलम सांगतें. निपाणीच्या गृहस्थानें कोल्हापुरांत मोटार घेतली तर त्याला येथें तात्पुरती नोंदणी मिळते आणि खरा कर तो चिक्कोडीच्या कचेरींतच भरतो. कोल्हापूरकरानें बेळगांवांत घेतली तर उलट. ४७ वें कलम याच्या पुढें जातें. एका राज्यांत नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेविली तर तिला नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो आणि ओघानेंच तेथील करहि भरावा लागतो.

एवढ्या मुदतीनेंहि कर्नाटकाचें समाधान झालें नव्हतें. २०१४ सालीं त्या राज्यानें आपल्या कायद्यांत दुरुस्ती करून, परराज्याची गाडी ३० दिवसांहून अधिक राहिली तर तिजकडून आयुष्यभराचा कर घ्यावा असें ठरविलें. बंगळुरांत नोकरीस गेलेल्या अनेक मराठी तरुणांस या नियमाचा प्रसाद मिळाला. २०१६ सालीं कर्नाटक उच्च न्यायालयानें ती तरतूद रद्द केली. बदलीच्या नोकऱ्या असणारांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं 'बी.एच.' ही भारत-मालिका काढली; तींत कर दोन दोन वर्षांचा भरावयाचा असतो व राज्य बदललें तरी क्रमांक बदलत नाहीं. परंतु ती सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी संस्थांचे नोकर यांनाच मिळते. शेत कागलास, दुकान निपाणीस आणि मुलांच्या शाळा कोल्हापुरांत, अशी ज्यांची विभागणी झाली आहे त्या सीमेवरील कुटुंबांचा विचार या मालिकेंत झालेला नाहीं. वास्तविक राज्यांची सरहद्द रोज ओलांडणारे लोक तेच.

कोणी खोटा पत्ता देऊन हलक्या कराच्या प्रदेशांत नोंदणी करतात. पुदुचेरीच्या पाट्यांच्या महागड्या मोटारी केरळांत फिरतात, हें प्रकरण २०१७ सालीं उघडकीस आलें आणि नामवंत मंडळींवर खटले गुदरले. यास चातुर्य म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो टाकून द्यावा. ज्या रस्त्यावर गाडी चालते त्याच्या डागडुजीस जो पैसा यावयाचा तो दुसऱ्या प्रदेशांत जातो, आणि चौकशी लागली म्हणजे वांचविलेल्या रकमेहून अधिक रक्कम दंडासहित द्यावी लागते.

इंधनाची गोष्ट मात्र निराळी. पेट्रोल व डिझेल वस्तु व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळें त्यांवरहि राज्यें आपापला कर बसवितात. परंतु टांकींत भरलेल्या पेट्रोलास राज्याची पाटी लावतां येत नाहीं. पुष्कळ वर्षें कर्नाटकांतील भाव कमी असल्यानें कोल्हापुराकडील वाहनें कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर रांगा लावीत. मोटार कोल्हापूरच्या दरानें घ्यावी आणि पेट्रोल निपाणीच्या दरानें भरावें, असा दुहेरी लाभ सीमेवरील माणूस उघडपणें घेत आला. २०२४ च्या जूनमध्यें कर्नाटकानें इंधनावरील विक्रीकर वाढविला, तेव्हां त्या लाभाचा बराच भाग गेला.

आतां राज्यांची सरहद्द सोडून देशांची सरहद्द पाहूं. नेपाळांत भारतीय बनावटीची मोटार भारतांतल्यापेक्षां दुपटीहून अधिक महाग पडते. नेपाळी रुपयाचा भारतीय रुपयाशीं १.६ हा दर १९९३ पासून ठरलेला असल्यानें येथें नाण्याच्या चढउताराचा दोष नाहीं. तेथें मोटारींचा मोठा कारखाना नाहीं, म्हणून जवळजवळ प्रत्येक गाडी आयात होते आणि सरकारास महसूल उभा करण्याची सोपी जागा म्हणजे सीमेवरील जकातनाका. प्रथम भारी जकात, तिच्यासह होणाऱ्या रकमेवर अबकारी, मग रस्त्यांचा कर, आणि सर्वांवर शेंकडा १३ मूल्यवर्धित कर, अशी ही उतरंड आहे. भारतहि या बाबतींत फार उदार नाहीं. परदेशांत पूर्ण बांधलेली मोटार येथें आणली तर जकातच शेंकडा ७० किंवा त्याहून अधिक पडते. त्यामुळें विलायती कंपन्या येथेंच कारखाने काढतात, आणि हाच त्या जकातीचा हेतु होता.

पाकिस्तानांत जकातीबरोबर दुसरें एक कारण दिसतें. तेथें मोटारींचे कारखाने आहेत. जपानी नांवाच्या लहान गाड्या तेथेंहि तयार होतात. तरी नाण्यांचा हिशेब करून पाहिल्यास त्याच वर्गांतील गाडी भारतापेक्षां पुष्कळ महाग पडते. भारतांत २०२३-२४ या एका वर्षांत ४२ लाखांवर प्रवासी मोटारी विकल्या गेल्या; पाकिस्तानांतील वार्षिक विक्री याच्या विसाव्या हिश्श्याइतकीहि नसते. सांचे, यंत्रें, इमारती यांचा खर्च गाड्या थोड्या केल्या म्हणून थोडा होत नाहीं. कोल्हापूरकरांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं, कारण शिरोली व गोकुळ शिरगांव येथील ओतकामाच्या भट्ट्यांत मोटारींचे सुटे भाग ओतले जातात. एका सांच्यावर हजार नग काढले तर प्रत्येक नगावर सांच्याचा जो बोजा पडतो, तो लाख नग काढल्यावर शंभरांश राहतो. ज्या देशांत असे ओतकाम करणारे, रबर, कांच व तारा पुरविणारे कारखाने जवळ नाहींत, तेथें अर्धी मोटार जहाजांतून आणावी लागते. आणि देशाचें नाणें घसरलें कीं ती अर्धी मोटार रातोरात महाग होते.

येथपर्यंतचीं कारणें, म्हणजे कर, जकात, नाणें आणि उत्पादनाचें प्रमाण, साधारण माणसास अदमासानें ठाऊक असतात. एक कारण मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि तेंच सर्वांत मनोरंजक आहे. कारखानदार स्वतःच शेजारशेजारच्या देशांत आपली मूळ किंमत वेगळी ठेवतो.

डेन्मार्क व जर्मनी हे लागून असलेले देश आहेत आणि दोन्ही युरोपीय संघांत असल्यामुळें त्यांच्यामध्यें जकात नाहीं. जर्मनींत मोटारीवर मूल्यवर्धित कर एवढाच मोठा कर. डेन्मार्कमध्यें शेंकडा २५ मूल्यवर्धित कर, आणि त्यासह होणाऱ्या किंमतीवर नोंदणी कर. २०१५ पर्यंत ठराविक मर्यादेपलीकडील किंमतीवर तो शेंकडा १८० होता. हिशेब करून पहावा. कारखानदाराच्या १०० वर २५ चढले म्हणजे १२५, त्यावर शेंकडा १८० म्हणजे २२५, बेरीज ३५०. म्हणजे त्या मर्यादेच्या पुढें कारखानदारानें १०० वाढविले तर गिऱ्हाइकास ३५० अधिक द्यावे लागतात, आणि त्यानें १०० कमी केले तर गिऱ्हाइकाचे ३५० वांचतात. गिऱ्हाईक शेवटचा आंकडा पाहून घेतें. मग कारखानदार काय करतो? तो डेन्मार्कमध्यें आपली मूळ किंमत उतरवितो. युरोपीय आयोग २०११ पर्यंत देशोदेशींच्या मोटारींच्या किंमतींचे अहवाल प्रसिद्ध करीत असे. त्यांत कर वजा जातां डेन्मार्कमधील किंमती अगदीं खालच्या व जर्मनींतील वरच्या, असें वारंवार दिसून येई. सर्वांत महाग मोटारींच्या देशांत कारखानदारास मिळणारा पैसा सर्वांत थोडा, असा हा विरोधाभास आहे.

याचा फायदा शेजाऱ्यानें घ्यावा हें ओघानेंच आलें. जर्मन माणूस डेन्मार्कमध्यें जाऊन तेथील मूळ किंमतीस मोटार घेई, तेथील कर न भरतां ती घरीं आणी आणि आपल्या देशाचा मूल्यवर्धित कर भरी. युरोपांतहि नव्या मोटारीवरील हा कर खरेदीच्या देशांत भरावयाचा नसून ती जेथें नेली जाते त्या देशांत भरावयाचा असतो. हें पूर्ण कायदेशीर होतें. पण कारखानदारांस तें नको होतें, कारण त्यांच्या महागड्या बाजारांतील नफा त्यामुळें गळून जाई. १९९२ सालीं इटलीचा लिरा घसरला, तेव्हां इटलींतील मोटारी जर्मन व ऑस्ट्रियन लोकांस फार स्वस्त पडूं लागल्या. फोक्सवागन कंपनीनें आपल्या इटालियन विक्रेत्यांवर दाब आणून परदेशी गिऱ्हाइकांस मोटारी विकूं दिल्या नाहींत. त्याबद्दल युरोपीय आयोगानें १९९८ च्या जानेवारींत तिला १० कोटी २० लाख एकूंचा दंड केला. एकू हें तेव्हांचें युरोपीय हिशेबी चलन. पुढें न्यायालयानें दंड कमी करून ९ कोटी युरोवर आणला, पण दोष कायम ठेविला.

मग कर्नाटकांतील कर जड म्हणून कारखानदार बेळगांवांत आपली मूळ किंमत कमी करतो काय? सहसा नाहीं. फरक थोडक्यांत आहे. डेन्मार्कच्या साडेतीनपटीपुढें कोल्हापूर व बेळगांव यांतील कराचें अंतर क्षुल्लक आहे, आणि दोन्ही शहरें एकशेंदहा किलोमीटरांच्या आंत-बाहेर असल्यामुळें किंमतींत थोडा जरी भेद ठेविला तरी गिऱ्हाईक एका सकाळीं जाऊन तात्पुरत्या नोंदणीची मोटार घेऊन येईल. म्हणून वस्तु व सेवा कर आल्यापासून शोरूमची किंमत दोहींकडे बहुधा सारखी असते आणि जी कमी-अधिक सूट मिळते ती विक्रेत्याच्या मनावर असते. दसऱ्याला कोल्हापुरांत आणि गणपतीला बेळगांवांत ती वेगळी असूं शकते. तिचा राज्याच्या कराशीं संबंध नाहीं.

ज्यांस दोन गांवच्या किंमती ताडून पहावयाच्या असतील त्यांनीं विक्रेत्याकडून तीन आंकडे वेगवेगळे लिहून घ्यावे: वस्तु व सेवा करासह शोरूमची किंमत, नोंदणीच्या वेळचा राज्याचा कर, आणि विमा व इतर किरकोळ. पैकीं दुसरा आंकडा आपल्या घराच्या पत्त्यानें ठरतो, त्यावर घासाघीस चालत नाहीं. पहिल्यांतील सूट व तिसऱ्यांतील विम्याचा हप्ता या दोहोंवर चालते, आणि विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असा नियम नाहीं.

कर्नाटकांत नोंदलेली मोटार घेऊन कोणी कायमचे कोल्हापुरांत रहावयास आले तर त्यांनीं मूळ कचेरीचा ना-हरकत दाखला आणावा. येथील कर मोटारीच्या वयाप्रमाणें कमी झालेल्या दरानें बसतो. तो भरून नवा क्रमांक मिळाल्यावर, तिकडे आयुष्यभराचा म्हणून भरलेल्या करापैकीं न वापरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागतां येतो. त्यासाठीं अर्ज मूळ कचेरींतच करावा लागतो, आणि पुष्कळ लोक तो करीतच नाहींत.